पेपर रोल लावायला शिकवणाऱ्या काकांस

परळ, मुंबई

तीर्थस्वरूप काका यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेले की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये निघाली, राजा दीनदयाळ यांनी इथे १८९६ मध्ये स्टुडिओ थाटला. तेव्हापासून कॅमेऱ्यामागच्या माणसांची नावं लिहिलेली सापडतात, मागचा पडदा टांगणाऱ्यांची क्वचितच. तुम्ही उभं आयुष्य या शहरातल्या स्टुडिओंमध्ये तेच काम केलंत आणि निवृत्तीनंतर माझ्या गाळ्यात येऊन, एक पैसा न घेता, ते मला शिकवलंत. त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

फोटोत माणसामागे पडदा म्हणून टांगतात तो कागदाचा रोल उभा ठेवायचा, हा तुमचा पहिला धडा. २.७२ मीटर रुंदीचा, म्हणजे साधारण नऊ फुटी रोल पोटमाळ्याखाली उभा राहीना, तेव्हा तुम्ही टेप घेऊन सगळा गाळा मोजलात. खिडकीतून ओल येते म्हणून ती बाजू टाळलीत आणि दाराजवळचा, वर माळा नसलेला कोपरा शोधलात. सुताराकडून तिथे लाकडी खाचा करून घेतल्यात, रोल कलंडू नये म्हणून साखळी लावलीत. आडवा ठेवलेला रोल स्वतःच्या भाराने दबतो, आतली पुठ्ठ्याची नळी वाकते, मग कितीही सरळ टांगला तरी कागदाला पोक दिसतो. हे सांगताना तुम्ही माझा तळहात एका जुन्या रोलवरून हळूच फिरवलात. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा हाताला लागला. तेव्हापासून नवा रोल आला की मी आधी त्यावरून हात फिरवते. टेम्पोवाल्यालाही आता बजावून सांगते की दोरी मधोमध आवळू नको, कारण तिचा वळ आतल्या थरांपर्यंत उतरतो.

मुंबईचा पावसाळा हा या कागदाचा वैरीच. कागद हवेतली ओल पितो, फुगतो, आणि टांगलेला असला की त्यावर वरपासून खालपर्यंत लाटा उठतात. जून ते सप्टेंबर काम संपलं की कागद गुंडाळून त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, रात्रभर टांगता ठेवायचा नाही, हे तुम्ही सांगितलंत. पण एवढं करूनही लाटा आल्याच तर काय, हे शिकवलंत ते मला जास्त मोलाचं वाटतं. एका बाजूने कागदाला घासून जाणारा उजेड टाकायचा नाही, तो प्रत्येक सुरकुतीला सावली देतो. दोन्ही बाजूंनी सारखे लाइट लावायचे, माणसाला पाच-सहा फूट पुढे आणायचं, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, थोडं उघडायचं, म्हणजे मागचा कागद धूसर होतो. भर जुलैत काढलेल्या माझ्या फोटोंमध्ये मागचा कागद सपाट दिसतो तो याच्यामुळे.

टांगण्याची तुमची पद्धत मी जशीच्या तशी ठेवली आहे. नळीतून ॲल्युमिनियमचा पाइप घालायचा, नाहीतर रोल मधे झोळ खातो. रोल वर चढवण्याआधी क्लॅम्प लावायचा, म्हणजे कागद सरसरत खाली येणार नाही. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या. भिंतीला चिकटून लावायचा नाही, दीड-दोन फूट सोडायचे. भिंत आणि जमीन जिथे भेटतात तिथे कागदाला घडी न पडता मोठं, सैल वळण मिळालं पाहिजे. त्या वळणावर कुणी पाय ठेवायचा नाही, कारण तिथे कागदाखाली पोकळी असते आणि टाच सरळ आरपार जाते. जमिनीची धूळ पुसल्याशिवाय गॅफर टेप, म्हणजे कापडी चिकटपट्टी, लावायची नाही.

हे सगळं कुठल्याही चांगल्या स्टुडिओत पाहून-पाहून शिकता आलं असतं. तुमच्याकडून जे मिळालं ते दुसरीकडे मिळालं नसतं, आणि ते मला एका आजींच्या फोटोच्या वेळी समजलं.

पंचाहत्तरीनिमित्त सगळं कुटुंब आलं होतं. आजी नऊवारीत, हातात काठी, बाहेर पाऊस. सून म्हणाली, "आई, सांभाळून हं, पांढरा कागद आहे, डाग पडेल." आजी कागदाच्या कडेलाच थबकल्या. तुम्ही काही न बोलता खाली बसलात आणि त्यांच्या काठीचं रबरी टोक ओल्या फडक्याने पुसलंत, मग कोरड्या. खुर्चीच्या चारही पायांखाली पुठ्ठ्याचे चौकोन सरकवलेत. जमिनीवरची टेपची कड पायात अडकू नये म्हणून अंगठ्याने दाबून बसवलीत. मग हात पुढे करून म्हणालात, "या आजी, खुशाल या. मळला तर कापून टाकू, अजून पुष्कळ आहे." आजी हसल्या, आल्या, ऐसपैस बसल्या. तो फोटो आज त्यांच्या घरी दर्शनी भिंतीवर आहे.

त्या दिवशी मला कळलं की तुम्ही इतकी वर्षं कागदाला जपत होता ते समोर बसणाऱ्या माणसासाठी. त्याला कागदाची चिंता पडली की ती थेट चेहऱ्यावर येते. आपली तयारी इतकी पक्की हवी की त्याने पाय कुठे ठेवायचा याचा विचारही करू नये. आता माझ्याकडे पावलं मोजत कागदावर येणारं कुणी नसतं. बूट आम्हीच पुसतो, उंच टाचांना खालून टेप लावतो, लहान मुलांना मोकळं सोडतो.

पैशांच्या बाबतीतही तुम्ही मला वाचवलंत, तेही लिहिलंच पाहिजे. बोरा बाजारात मी तीन रंगांचे रोल घ्यायला निघाले होते. "एक पांढरा, एक राखाडी घे, बाकीचं लाइट करेल," असं तुम्ही म्हणालात आणि गाळ्यात येऊन उजेड मोजायचं मीटर लावून दाखवलंत. लाइटपासून माणूस चार फुटांवर आणि कागद आठ फुटांवर असेल तर कागदाला चौथाईच उजेड मिळतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक वर म्हणजे दुप्पट). म्हणून नुसता टांगलेला पांढरा कागद फोटोत राखाडी येतो. पांढराशुभ्र हवा असेल तर त्याला वेगळे लाइट द्यायचे, चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप वर. त्याहून वाढवले तर उजेड केसांच्या कडा खायला लागतो. आणि राखाडी कागद लाइटच्या जवळ आणला तर फिका होतो, दूर नेला तर काळपट. एका नाट्यसंस्थेच्या कलाकारांचे फोटो मी त्या एकाच राखाडी रोलवर काढले. त्याच्या अकरा मीटर लांबीपैकी बराच कागद अजून शिल्लक आहे.

मळलेला भाग कापताना तुम्ही कटर पट्टीला टेकवून सरळ रेघेत चालवायचात, कारण वाकडी कड पुढच्या वेळी टेपला नीट बसत नाही. ते तुकडे तुम्ही तुमच्या चाळीतल्या बालवाडीत चित्रांसाठी न्यायचात. आता मी तिथे पाठवते. बाईंचा निरोप आहे की मुलांना राखाडीपेक्षा पांढरा आवडतो, त्यावर खडूचे रंग उठून दिसतात.

एक काम आहे. दिवाळीच्या आधी छताचे हुक बदलून साखळीने वर-खाली होणारी तीन रोलची पट्टी लावायची आहे. भोकं पाडण्यापूर्वी तुमची नजर फिरावी असं वाटतं. रविवार सोडून कुठलीही संध्याकाळ चालेल. लिफ्ट सुरू झाली आहे, जिने चढावे लागणार नाहीत.

काकूंना माझा नमस्कार सांगा. लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
परळच्या गाळ्यातली मुलगी