प्रॉक्सी सर्व्हर बदलताना जुन्या नियमांची फाइल फेकू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातील फोंडा तालुक्यात एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या संगणक कक्षाची जबाबदारी मी बरीच वर्षे सांभाळली आणि आता निवृत्त असलो तरी काही अडले की अजून बोलावणे येते. असेच एक बोलावणे जूनमधल्या भर पावसात आले. त्या दिवशी जे पाहिले ते एकाच शाळेपुरते नसावे, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. शाळा, पंचायती, पतसंस्था यांच्या कारभारात प्रॉक्सी सर्व्हर नावाचे एक यंत्र कोपऱ्यात गुमान चालू असते. ते बदलण्याच्या कामाकडे आपण नवा पंखा बसवावा तसे पाहतो, आणि माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे.

ज्यांचा या यंत्राशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कक्षातील संगणक थेट इंटरनेटवर न जाता आधी या एका संगणकाकडे मागणी करतात. तो नियम पाहतो, परवानगी असेल तर पान आणून देतो आणि कोणी काय मागितले याची नोंद ठेवतो. या कामासाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाते ते स्क्विड हे मोफत सॉफ्टवेअर १९९६ पासून उपलब्ध आहे. काही कार्यालयांत याच कामाचे मायक्रोसॉफ्टचे टीएमजी हे सॉफ्टवेअर होते; त्याचा विस्तारित आधारही, म्हणजे दुरुस्त्या मिळण्याची वाढीव मुदत, १४ एप्रिल २०२० रोजी संपली. लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली वापरणाऱ्यांवर पाळी आली ती ३० जून २०२४ रोजी, तिच्या सेंटओएस ७ या प्रकाराची मुदत संपल्यावर. म्हणजे हे यंत्र बदलणे ही कोणाची हौस नव्हे. ज्या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे तिला संस्थेच्या दारात उभे करून चालत नाही, त्यामुळे स्थलांतर करावेच लागते. प्रश्न आहे तो ते कसे करतात याचा.

आमच्या शाळेने बाहेरच्या एका कंत्राटदाराला काम दिले. एका शनिवारी दुपारी नवा संगणक आला, त्यावर नवी प्रणाली चढली, स्क्विड बसले, आणि संध्याकाळी कंत्राटदाराने पाठवलेल्या मुलाने मुख्याध्यापकांची सही घेऊन बिलही पुढे केले. नियमांची जुनी फाइल नव्या यंत्रावर चालेना, तेव्हा त्याने ती बाजूला टाकली आणि कोऱ्या फाइलमध्ये सर्वांत वर एकच ओळ घातली, ‘अलाउ ऑल’, म्हणजे येईल त्याला प्रवेश. पुढे मी विचारले तेव्हा त्याने सरळपणे सांगितले, “सर, पोरनी फायल चलना, म्हण हांवें नवी घाली.” (जुनी फाइल चालत नाही, म्हणून मी नवी घातली.) त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याला ‘इंटरनेट चालू करून द्या’ एवढेच सांगितले होते आणि ते त्याने चालू करून दिले होते.

स्क्विडचे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तो निकाली ठरतो. खाली ‘डिनाय ऑल’, म्हणजे उरलेल्या सगळ्यांना नकार, अशी ओळ कितीही इमानाने लिहिलेली असली तरी वरच्या ‘अलाउ ऑल’पुढे तिच्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही. त्यात भर म्हणजे या संगणकाला नेटवर्कची दोन कार्डे होती, एक कक्षाकडचे आणि एक बाहेरच्या जोडणीचे. स्क्विड आपल्या ठरलेल्या ३१२८ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, दोन्हीकडे कान लावून बसले होते आणि मध्ये बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल नव्हती. अशी उघडी दारे शोधत इंटरनेटवर रात्रंदिवस फिरणारे प्रोग्राम असतात. त्यांना आमचे दार सापडायला वेळ लागला नाही.

ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, कारण वर्गात तर सगळे सुरळीत चालले होते. लक्षात आली ती प्रवेशाचे अर्ज भरण्याच्या दिवसांत. शिरोडा, सावई-वेरे भागातून मुले पालकांसह भिजत आली होती, आणि प्रत्येक पान ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून ट्रॅफिक सिग्नलची चित्रे निवडायला लावत होते. एका संकेतस्थळाने तर शाळेचा इंटरनेटवरचा पत्ताच नाकारला. शेवटी त्या मुलांना बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत धाडावे लागले.

मी गेलो आणि आधी नोंदींची फाइल उघडली. स्क्विड वेळ लिहितो ती १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत. उदाहरणार्थ १७१७२००००० हा आकडा म्हणजे आपल्याकडची १ जून २०२४ ची पहाटे साडेपाचची वेळ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे आकडे म्हणजे टेलिफोन नंबरांची यादी वाटते. ते उलगडून पाहिले तर रात्री दोन-अडीच वाजता, जेव्हा शाळेत पहारेकरी आणि एक मांजर यांखेरीज कोणी नसते तेव्हा, सेकंदाला कित्येक मागण्या आल्या होत्या, आणि त्या पाठवणारे पत्ते आमच्या कक्षातले नव्हतेच. कोणीतरी परका आमच्या शाळेच्या नावाने जगभर हिंडत होता. दार बंद करायला पाच मिनिटे लागली. बदनाम झालेला पत्ता पुन्हा साफ व्हायला मात्र बरेच दिवस गेले.

जुनी फाइल नव्या यंत्रावर का चालली नाही, याचे कारण साधे होते आणि ते सांगण्यासारखे आहे. स्क्विडच्या आवृत्त्या बदलताना काही शब्द बाद झाले, काहींची नावे बदलली आणि पूर्वी आपण लिहून द्यायचो त्या काही व्याख्या, उदाहरणार्थ ‘ऑल’, आता सॉफ्टवेअरमध्येच आलेल्या असतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर तर आणखी एक चकवा आहे. १४.०४ पर्यंत फाइल ‘स्क्विड३’ नावाच्या फोल्डरात असे आणि १६.०४ पासून ती नुसत्या ‘स्क्विड’ फोल्डरात गेली. माणूस जुन्या फोल्डरात दुरुस्त्या करत बसतो, सॉफ्टवेअर दुसरीच फाइल वाचते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. फाइलमध्ये चूक आहे का हे सेवा चालू करण्याआधी तपासणारी ‘पार्स’ आज्ञा स्क्विडमध्येच आहे. ती ओळ क्रमांकासकट अडचण सांगते. आमची जुनी फाइल मी तिच्यातून काढली तेव्हा दुरुस्त करण्याजोग्या ओळी दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. बाकी सगळे नियम जसेच्या तसे चालले.

आणि त्या नियमांतच शाळेचा इतिहास होता. कार्यालयाच्या दोन संगणकांना बँकेची पाने मोकळी, ग्रंथालयाला विश्वकोश, परीक्षेच्या तासाला कक्षाची जोडणी बंद, विषाणूरोधक सॉफ्टवेअरच्या अद्ययावततेला रात्रीची सूट. एका नियमावर माझ्याच हाताने शेरा लिहिलेला होता, ‘चवथीची सुट्टी संपेपर्यंत’. ती गणेशचतुर्थी होऊन सहा वर्षे लोटली होती. असे मेलेले नियम स्थलांतराच्या वेळी काढून टाकावेत, हे मला मान्य आहे. पण काढायचे तर कशाला होते ते विचारून काढावेत. विषाणूरोधकाचा तो नियम गेल्यामुळे सगळ्या संगणकांवरील अद्ययावतता थांबली होती आणि कोठेही लाल दिवा लागला नव्हता. इंटरनेट बंद पडले की ओरड होते. हे असे थांबले तर कोणाला कळत नाही.

काम करण्याची जी पद्धत मला अनुभवाने पटली ती अशी. जुने यंत्र लगेच खोलू नये. नवे त्याच्या शेजारी, दुसऱ्या पत्त्यावर उभे करावे आणि आठवडाभर दोन-चार संगणकच त्याच्याकडे वळवून पाहावेत. सगळे नीट चालले की जुन्याचा पत्ता नव्याला द्यावा, म्हणजे प्रत्येक संगणकाच्या ब्राउझरमध्ये जाऊन आकडे बदलत बसावे लागत नाही. ज्यांना जमेल त्यांनी पीएसी फाइल वापरावी. मग संगणक प्रॉक्सीचा पत्ता त्या एका फाइलला विचारतात आणि बदल एकाच ठिकाणी होतो. एक बारीकशी गोष्टही सांगून ठेवतो. स्क्विड बंद करायला सांगितल्यावर चालू जोडण्या संपाव्यात म्हणून तो मुळात ३० सेकंद थांबतो. आपल्याला वाटते अडकला, आणि आपण वायर ओढतो. मग पुढच्या वेळी डिस्कवर साठवलेल्या पानांची यादी तो नव्याने जुळवत बसतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज तशीही हे काम फुकट करून देते, तेव्हा निदान युपीएसची बॅटरी तरी बदललेली असावी.

आता प्रॉक्सी हवाच कशाला, असे विचारणारेही भेटतात, आणि त्यांचे अर्धे खरे आहे. पूर्वी एकदा आणलेले पान साठवून तीस मुलांना देता येत असे आणि बारीक जोडणीवर त्याचा मोठा आधार होता. आता बहुतेक पाने एचटीटीपीएसने कुलूपबंद येतात, त्यामुळे प्रॉक्सीला फक्त कोणत्या संकेतस्थळाकडे चालला आहे एवढे दिसते. आतले पान त्याला दिसतही नाही आणि साठवताही येत नाही. ते कुलूप मध्येच उघडून पाहण्याची सोय स्क्विडमध्ये आहे, पण त्यासाठी प्रत्येक संगणकावर संस्थेचे स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र बसवावे लागते. जिथे शिक्षक मधल्या सुट्टीत आपले बँक खाते पाहतात, तिथे त्यांना न सांगता हे करणे मला गैर वाटते. एखादा कंत्राटदार ते ‘जादा सुविधा’ म्हणून देऊ करील. व्यवस्थापनाने आधी ठराव करावा आणि तो सूचना फलकावर लावावा.

नोंदींचेही असेच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत आणि घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवायची आहेत. आमच्या येथे जुनी डिस्क त्याच शनिवारी पुसून दुसऱ्या संगणकात घातली गेली. नियमांची फाइल हाती राहिली ती केवळ निवृत्त होताना मी तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून ग्रंथपालांच्या कपाटात ठेवली होती म्हणून.

शिक्षण खात्याला आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की यापुढे अशा कामाच्या निविदेत ‘बसवून देणे’ एवढेच न लिहिता तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: जुन्या प्रत्येक नियमाचे काय केले याची मराठीत किंवा कोकणीत लेखी नोंद, जुन्या नोंदींची जपून ठेवलेली प्रत, आणि बाहेरच्या जोडणीवरून दार बंद आहे याची संस्थेच्या माणसासमोर केलेली तपासणी. शेवटचा हप्ता मात्र संस्थेचाच एखादा कर्मचारी बॅकअपमधून ते यंत्र स्वतःच्या हाताने पुन्हा उभे करून दाखवील त्या दिवशी द्यावा. त्याला अर्धा दिवस लागेल. आमच्या ग्रंथपाल बाईंना दुसऱ्या खेपेला पाऊण तास पुरला.

आपला,
एक निवृत्त संगणक कक्ष साहाय्यक, फोंडा