साखरेच्या आकड्याला दोनने भागले की कॉस्टिक होत नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: हँडहेल्ड डिजिटल रिफ्रॅक्टोमीटरची चुकीची कॉस्टिक स्केल आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

आपला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबात प्रकाश किती वळतो त्यावरून द्रावणाची तीव्रता दाखवणारे उपकरण) गेले आठ महिने आमच्या प्रयोगशाळेत वापरात आहे. बाटल्या धुण्याच्या लाइनवर कॉस्टिक सोड्याची (सोडियम हायड्रॉक्साइडची) तीव्रता मोजणे, या एकाच कामासाठी तो घेतला होता, आणि घेताना आपल्या विक्री प्रतिनिधीला तसे स्पष्ट सांगितले होते. शिफ्ट चालू असताना दर तासाला ब्युरेट भरून टायट्रेशन करत, म्हणजे आम्ल थेंबथेंब सोडून तीव्रता काढत, बसायला माणूस मोकळा नसतो. थेंब प्रिझमवर टाकला, बटण दाबले, आकडा आला, ही सोय आम्हाला हवीच होती. तक्रार आहे ती त्या आकड्याबद्दल.

आमच्याकडे कॉस्टिक दोन ठिकाणी मोजतात. धुण्याच्या टाकीत २ टक्के लागते. तिच्यामागे स्टॉकची टाकी आहे; तिथे ५० टक्क्यांची लाय, म्हणजे कॉस्टिकचे तीव्र द्रावण, पाण्यात सोडून २० टक्क्यांचे द्रावण करून ठेवतो आणि त्यातून ठरलेले लिटर धुण्याच्या टाकीत जातात. दोन्हीकडे आपलेच उपकरण.

गेल्या महिन्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरने नेहमीच्या मापाने स्टॉक तयार केला. थंड झाल्यावर थेंब घेतला, तर डिस्प्लेवर १५.०. त्याला वाटले, लाय कमी पडली. त्याने आणखी ओतली, पुन्हा थांबला, पुन्हा मोजले, आणि आकडा २० वर येईपर्यंत ओतत राहिला. त्याची चूक काहीच नाही, भिंतीवर लावलेल्या सूचनेत तसेच लिहिले आहे. ५० टक्क्यांची लाय पाण्यात पडली की टाकी हाताला चटका देण्याइतकी तापते. तोंडावर शील्ड आणि हातात लांब ग्लोव्ह्ज घालून हे काम करावे लागते. गरज नसताना एका माणसाने ते तीनदा केले.

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या टाकीचे रीडिंग ३ च्या वर आले. गंमत अशी की हे रीडिंग जवळपास बरोबर होते आणि नेमके त्याच्यावरच आमचा विश्वास बसला नाही. टाकीत लेबलांचा डिंक आणि मळ उतरलेला असतो, तो रीडिंग फुगवतो, हे आम्हाला माहीत आहे. त्यामुळे ‘मळाचे असेल’ म्हणून आम्ही ते सोडून दिले. दुपारी धुऊन निघालेल्या एका बाटलीच्या गळ्यात तपासनीस बाईंनी फिनॉल्फ्थॅलीनचा (अल्कली लागली की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा) थेंब टाकला आणि काचेच्या आतल्या बाजूने गुलाबी ओघळ थेट तळापर्यंत उतरला. शेवटच्या पाण्यानंतरही बाटलीत कॉस्टिक उरले होते. लाइन थांबवली, तो अख्खा लॉट परत धुवायला घेतला, आणि मग स्टॉकचे टायट्रेशन केले. २० नव्हे, तीव्रता ३० टक्क्यांच्या आसपास होती.

आपल्या सेवा केंद्राला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की नमुना गरम असेल, झिरो नीट केला नसेल. दोन्ही करून पाहिले. डिस्टिल्ड वॉटरने झिरो केला, नमुना आणि उपकरण एकाच टेबलावर तासभर ठेवले. आकडा तोच. मग उत्तर आले, ‘तुमचे टायट्रेशन चुकले असेल.’ म्हणून आम्ही २, १० आणि २० टक्क्यांची तीन द्रावणे नव्याने केली, टायट्रेशनने पक्की केली, आणि त्यांतल्या २० टक्क्यांच्या द्रावणात वर हायड्रोमीटरही सोडला. २० अंश सेल्सिअसला त्याने १.२२ घनता दाखवली, म्हणजे जितकी हवी तितकीच. एवढ्यावर टायट्रेशनला दोष देणे कठीण आहे.

त्यानंतर एका सहकाऱ्याच्या डोक्यात आले की तोच थेंब न पुसता ब्रिक्स मोडवरही, म्हणजे साखरेची टक्केवारी दाखवणाऱ्या मोडवरही, वाचून पाहू. २ टक्क्यांच्या द्रावणाला ब्रिक्स ३.८ आणि कॉस्टिक १.९. १० टक्क्यांच्या द्रावणाला १७.२ आणि ८.६. २० टक्क्यांच्या द्रावणाला ३०.० आणि १५.०. प्रत्येक वेळी बरोबर निम्मे, दशांशाचाही फरक नाही. आपल्या ‘सोडियम हायड्रॉक्साइड स्केल’मध्ये कॉस्टिकचा तक्ता नाहीच. साखरेचा आकडा काढून त्याला दोनने भागलेले आहे.

हे कमी तीव्रतेला खपून जाते, म्हणूनच इतके महिने कुणाच्या लक्षात आले नाही. उपकरण मुळात अपवर्तनांक, म्हणजे द्रावणात प्रकाश किती वळतो ते, मोजते. २० अंशाला पाण्याचा अपवर्तनांक १.३३३०. कॉस्टिक ५ टक्के झाले की तो साधारण १.३४६७ होतो आणि १० टक्क्यांना १.३५९३. म्हणजे पहिल्या पाच टक्क्यांत जेवढी वाढ, पुढच्या पाचात तेवढी नाही. चढ हळूहळू मंदावत जातो. साखरेचे नेमके उलटे आहे. पहिल्या दहा ब्रिक्सला अपवर्तनांक ०.०१४८ ने वाढतो, पुढच्या दहाला ०.०१६० ने. एक रेषा खाली वाकते, दुसरी वर. सुरुवातीला त्या शेजारी शेजारी चालतात म्हणून भागाकार जमतो, पुढे त्यांचा मेळ राहत नाही. हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगावे असे नाही, पण डब्यावर ‘० ते २५ टक्के’ छापण्याआधी कुणीतरी २० टक्क्यांचा एक थेंब टाकून पाहायला हवा होता. तापमान भरपाईचेही तेच. ती साखरेसाठी बसवलेली दिसते, कारण एकच बंद नमुना थंड खोलीत आणि गरम खोलीत वेगळा आकडा देतो.

काही गोष्टी आपल्या माथी मारत नाही. रिफ्रॅक्टोमीटरला पाण्यात विरघळलेले सगळे एकच. कॉस्टिकने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला, त्याचा सोडियम कार्बोनेट झाला, तरी उपकरण तो मोजतच राहते, आणि धुण्याची ताकद मात्र गेलेली असते. ते वेगळे काढायला आम्ही आठवड्यातून दोनदा फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथाइल ऑरेंज असे दोन टप्प्यांचे टायट्रेशन करतोच. ही या पद्धतीची मर्यादा आहे, आपल्या उपकरणाचा दोष नाही. पण माहितीपुस्तिकेत त्यावर एक ओळ नसावी? पुस्तिकेची चार पाने फळांच्या रसावर आहेत.

आता वॉरंटीचे. प्रिझमची काच धुरकट झाली आहे. दिव्याखाली तिरकी धरली की थेंबाच्या आकाराचे पांढरे वर्तुळ दिसते, आणि भोवतीचा काळा गोंद एका बाजूने मऊ पडून उचलला गेला आहे. झिरो केल्यावर दोन मिनिटांत पाण्याचे रीडिंग ०.२ होते. उपकरण आपल्याकडे पाठवले, तर ‘ग्राहकाने तीव्र अल्कली वापरल्यामुळे झालेले नुकसान, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा मारून परत आले. हा शेरा मी दोनदा वाचला. कॉस्टिक मोजायचे म्हणून विकलेल्या उपकरणात कॉस्टिक टाकले, हा आमचा गुन्हा! अल्कली काच खाते, म्हणून या कामाच्या उपकरणांना सफायरचा प्रिझम बसवतात. आपल्या माहितीपत्रकात ‘अल्कलीरोधक प्रिझम’ असे शब्द आहेत. तो साध्या काचेचा निघाला. थेंब लगेच पुसायचा नियम एखाद्या शिफ्टमध्ये पाळला गेला नसेल, हे मी कबूल करतो. पण आठ महिन्यांत प्रिझम जावा एवढा हलगर्जीपणा आमच्याकडे झालेला नाही.

आम्हाला सफायर प्रिझमचे आणि कॉस्टिकचा खरा तक्ता भरलेले उपकरण बदलून द्यावे, आणि सोबत किमान २, १० आणि २० टक्क्यांच्या द्रावणांवर तपासल्याचा दाखला द्यावा. असे मॉडेल आपल्याकडे नसेल तर तसे सरळ कळवून पूर्ण रक्कम परत करावी. ‘रीडिंगला अमुक संख्येने गुणा’ असा सल्ला कृपया देऊ नये. तो फोनवर दिला गेला आहे, आणि रात्रपाळीत कुणी कॅल्क्युलेटर घेऊन टाकीवर चढत नाही. हेच मॉडेल ज्यांनी कॉस्टिकसाठी घेतले आहे त्या सर्वांना ५ टक्क्यांच्या वर या स्केलवर विसंबू नये असे आजच कळवावे. आमच्याकडे बाटल्या परत धुऊन निभावले.

तिन्ही द्रावणांची दोन्ही मोडमधली रीडिंग, टायट्रेशनची नोंदवही, प्रिझमचे फोटो आणि आपल्या सेवा केंद्राचा शेरा यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. उपकरण आमच्याकडेच ठेवले आहे. आपला तंत्रज्ञ आला तर त्याच्यासमोर तोच थेंब दोन्ही मोडवर दाखवायची आमची तयारी आहे; द्रावणे बाटलीत बंद करून ठेवली आहेत, मात्र हवा लागून ती फार दिवस खरी राहणार नाहीत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपला,
प्रयोगशाळा प्रमुख