इटलीतल्या मार्तिना फ्रांकाहून, आई-बाबांस

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. अजून दोन वर्षं इथेच राहायचं ठरवलंय. करारावर सही मागच्या सोमवारीच केली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय मला. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. दिवाळीला येतेच आहे, तिकीट काढलंय.

बाबा, तुम्ही विचारता, घोडे आपल्याकडेही आहेत, मग एवढ्या लांब कशाला? एके काळी नेपल्सचा घोडा म्हणजे युरोपातल्या राजेरजवाड्यांचा मान होता. ग्रिझोने नावाच्या उस्तादानं घोडेस्वारीवर पुस्तक छापलं ते 1550 साली, नेपल्समध्येच. भरदार छाती, कमानदार मान, उचलून टाकलेलं पाऊल. पुढे वेगवान इंग्रजी घोड्यांची चलती आली, या डौलाला गिऱ्हाईक उरलं नाही, संकर होत गेले आणि जात विरत गेली. व्हिएन्नातल्या पांढऱ्या लिपिझानर घोड्यांच्या सहा जुन्या वंशांपैकी दोन याच रक्ताचे: 1767चा कॉन्व्हर्सानो आणि 1790चा नापोलितानो. तो कॉन्व्हर्सानो चक्क काळा होता!

इथला काळा मुर्जेसे जातीचा घोडा त्याच गोतातला. दगडाळ माळावर वाढणारा, काटक. त्याची वंशनोंद 1926पासून आहे. महायुद्धानंतर शेतात ट्रॅक्टर आले आणि कितीतरी घोडे खाटकाकडे गेले. (हो आई, इथे घोड्याचं मांस खातात. मी त्या दुकानाचा रस्तासुद्धा टाळते.) हे ऐकलं आणि आपला मोत्या घोडा आठवला. बाबा, त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात, मी पांघरुणातून बघत होते. तुम्हाला बोल लावत नाहीये. कर्ज होतं, तेवढं कळण्याइतकी मोठी झालेय आता. पण इथून पाय निघत नाही तो त्यामुळेच.

माझी काळजी नको. खोली उबदार आहे. इथे बाकला (मोठ्या वालासारखं कडधान्य) घोटून वरणासारखा करतात, सोबत कडसर पालेभाजी. मी वरून लसणाची फोडणी देते, अगदी आईच्या हातची आठवण येते.

बाबा, उपाशीपोटी साखर तपासायची आणि आकडा त्याच दिवशी कळवायचा, लपवायचा नाही. टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

काल पहाटे शिंगरू झालं. सारंगखेड्याच्या यात्रेत खांद्यावर बसवून सांगायचात ना, "आधी खूर बघ, तोंड मागनं"? मी आधी खूरच बघितले, बाबा. चारही चांगले आहेत.

तुमची,
चिऊ