स्नेहसंमेलनातील विविधता छायाचित्रापुरती नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारी हे आपल्याकडे महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांचे महिने. या दिवसांत वृत्तपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत फेटे, नऊवारी, बंगाली साड्या आणि कोळी वेश यांतील विद्यार्थ्यांची छायाचित्रे रोज दिसतात आणि त्यांखाली ‘विविधतेतून एकतेचे दर्शन’ अशा आशयाची ओळ असते. या आनंदाला माझा मुळीच विरोध नाही. नटण्यामुरडण्याचे ते वयच आहे. मात्र ज्या कार्यक्रमाला आपण विविधतेचा उत्सव म्हणतो, तो कोणी ठरवला आणि त्यात कोणाला भाग घेता आला, हेही विचारले गेले पाहिजे. सांस्कृतिक मंडळाचे काम अनेक वर्षे जवळून पाहिलेली निवृत्त प्राध्यापिका म्हणून याविषयी काही मांडावेसे वाटते.

अशा कार्यक्रमांची संख्या वाढण्यामागे एक कारण निव्वळ कार्यालयीन आहे. ज्या सात निकषांवर ‘नॅक’ (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद) महाविद्यालयांचे मूल्यांकन करत आली, त्यांतील सातवा निकष संस्थात्मक मूल्यांचा. सांस्कृतिक, प्रादेशिक, भाषिक, धार्मिक आणि आर्थिक भिन्नतेविषयी सलोखा राखण्यासाठी संस्थेने काय केले, हे त्यात विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तरासोबत पुरावा जोडायचा असल्यामुळे आणि पुरावा म्हणजे बहुधा स्थळ-वेळेची नोंद असलेली ‘जिओटॅग’ छायाचित्रे असल्यामुळे, जे छायाचित्रात दिसते तेच करण्याकडे कल वाढला. वेश दिसतो, खाद्यपदार्थांचे स्टॉल दिसतात. एखादा विद्यार्थी कार्यक्रमाला का आला नाही, हे कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

महाराष्ट्राला याहून खोल परंपरा आहे. समाजसुधारक ‘समतानंद’ अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायणाची चळवळ चालवली, तेव्हा पूजेला दलित दांपत्य बसे, प्रसादाला शिऱ्याऐवजी झुणका-भाकर असे आणि पंगतीला सगळे एकत्र. तोही एक सार्वजनिक कार्यक्रमच होता, पण पूजेच्या पाटावर कोण बसणार हे बदलण्यातच त्याचे सारे सामर्थ्य होते. शिक्षणाच्या क्षेत्रात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करून बहुजनांच्या मुलांना शहरात राहण्याची सोय करून दिली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४मध्ये आमच्या साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका छताखाली राहू, जेवू आणि कष्ट करू लागली. १९२७मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तिथे विविधतेचा वेगळा दिवस पाळण्याची गरज नव्हती, कारण रोजचा स्वयंपाक आणि रोजचे काम एकत्र होते.

आता आजच्या स्नेहसंमेलनाकडे पाहावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये आला, १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले गेले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांत सहभागी होण्याचा हक्कही याच कायद्यात स्वतंत्र कलमाने मान्य केला आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. परिणाम असा की सभागृहाच्या प्रवेशद्वाराशी उतार बांधलेला असतो, व्यासपीठाकडे जाणाऱ्या मात्र चार-पाच पायऱ्याच असतात. म्हणजे चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थिनीने प्रेक्षक म्हणून यावे अशी व्यवस्था आहे, तिने नाटकात काम करावे किंवा सूत्रसंचालन करावे अशी कल्पनाच वास्तुरचनेत नाही. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी तिला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर न्यायचे, शाल-श्रीफळ द्यायचे आणि पुन्हा उचलून खाली आणायचे, हा प्रकार मी पाहिला आहे. तो सन्मान आहे असे उपस्थितांना मनापासून वाटत होते, हे त्याहून खेदाचे. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषा लाखोंच्या अंदाजपत्रकात बसत नाही आणि ध्वनिक्षेपकाच्या भिंती मात्र सहज बसतात. दृष्टिहीन विद्यार्थी गाण्याच्या कार्यक्रमात हमखास असतो, पण संयोजन समितीत त्याला कोणी घेत नाही.

आदिवासी विद्यार्थ्यांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. तिथे व्यासपीठ मिळते, पण ते दुसऱ्यांना. वारली तारपा नृत्य मुळात वर्तुळाकार आहे: वाळवलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून केलेले तारपा वाद्य वाजवणारा मध्ये आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणारे त्याच्याभोवती. स्नेहसंमेलनात तेच नृत्य प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत होते, ध्वनिमुद्रित संगीतावर होते आणि नाचणाऱ्यांच्या कमरेला कधी कधी झाडाचा पालाही बांधलेला असतो. त्याच महाविद्यालयाच्या वसतिगृहात डहाणू-जव्हारकडची मुले राहत असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला पालघर, नाशिक, नंदुरबारमध्ये हीच मुले स्वतःच्या वाद्यांसह रस्त्यावर उतरतात. त्या दिवशीच्या कार्यक्रमाची सूत्रे महाविद्यालयाने त्यांच्याकडे द्यावीत आणि प्राध्यापकांनी त्या दिवशी ऐकणाऱ्यांत बसावे.

भाषेचेही असेच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आता अधिक उत्साहाने होतो. परंतु मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडील गोंडी द्रविड कुळातील आहे आणि सातपुड्यात भिली-पावरी बोलल्या जातात, हे आपल्या पदवीधरांपैकी कितींना ठाऊक असते? भाषा दिनाच्या भित्तिपत्रकात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडीबरोबर एक पान कोरकूचे आणि एक गोंडीचे असावे, ते त्या भाषा घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनीच लिहावे, देवनागरीत लिहून सोबत मराठी अर्थ द्यावा. याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

खर्चाचा विषय निघालाच आहे, तर ‘ट्रॅडिशनल डे’विषयी एवढेच सांगते की भाड्याची नऊवारी, दागिने आणि केशभूषा यांचा त्या एका दिवसाचा भार अनेक घरांना परवडत नाही आणि त्या दिवशी ‘तब्येत बरी नव्हती’ असे सांगणाऱ्या मुलींची तब्येत दुसऱ्या दिवशी ठणठणीत असते. शिवाय कार्यक्रम संध्याकाळी सुरू होतो आणि आसपासच्या गावांची शेवटची एसटी तो रंगण्याआधीच सुटते. त्यामुळे स्नेहसंमेलन कळत-नकळत शहरात राहणाऱ्यांचे होते. सकाळी दहाला सुरू करून तीनला संपवले, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटेल.

कार्यक्रमांनी विश्वास निर्माण होत नाही असे मी म्हणत नाही. तो कोणत्या कार्यक्रमांनी होतो, हे पाहायला हवे. ऑगस्ट २०१२मध्ये ईशान्येकडील लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या तेव्हा ईशान्येकडील विद्यार्थी आणि नोकरदार पुण्यातून गाड्या भरून गावी निघाले होते. त्यांच्या खाद्यपदार्थांवर ताव मारणारे शहर त्या आठवड्यात त्यांना आपले वाटले नाही. याउलट १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यांत हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांची सामान्य माणसे पोलिसांसह नियमितपणे एकत्र बसू लागली आणि १९९२-९३मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत भांडणे, तक्रारी आणि रोजचे प्रश्न असत, सजावट नसे.

महाविद्यालयांत याच्या सर्वांत जवळ जाणारा उपक्रम, माझ्या मते, राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत खेड्यातल्या शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचे, गटागटाने स्वयंपाक करायचा, सकाळी श्रमदान करायचे, असा क्रम असतो. कोणाला कांदा चिरता येत नाही, कोण पहाटे सर्वांआधी उठून चूल पेटवतो, कोणाच्या घरी काय शिजते, हे सारे तिथे कळते आणि एका वेषभूषा स्पर्धेने जे होत नाही ते आठवड्यात होते. दिव्यांग विद्यार्थ्यांना मात्र ‘तुला झेपणार नाही’ म्हणून या शिबिरांतूनही वगळले जाते. नोंदी ठेवणे, गावातल्या वृद्धांच्या मुलाखती घेणे, मुलांना शिकवणे अशी कितीतरी कामे तिथे असताना हे का व्हावे?

विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास मंडळांना माझी विनंती आहे की स्नेहसंमेलनाच्या खर्चाला मान्यता देताना त्यांनी महाविद्यालयांकडून काही साधी माहिती घ्यावी: संयोजन समितीत वसतिगृहातील, बाहेरगावाहून येणारे आणि दिव्यांग विद्यार्थी किती आहेत, अर्जावर तृतीयपंथी अशी नोंद करणाऱ्या विद्यार्थ्यालाही सहभाग घेता येईल असे स्पर्धांचे गट आहेत का, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये या ओळखीला मान्यता देऊनही वेषभूषेचे गट अजून ‘मुले’ आणि ‘मुली’ असे दोनच असतात, कार्यक्रमाची वेळ कोणती, आणि व्यासपीठापर्यंत उतार आहे का. आपल्या वार्ताहरांनीही छायाचित्र घेताना समितीत कोण कोण होते हे विचारून बातमीत द्यावे. मंडळांनी हे परिपत्रक जूनमध्येच काढावे, कारण डिसेंबरात मांडव उभा राहिल्यावर व्यासपीठाला उतार करून द्यायला कोणताही मांडववाला तयार होत नाही.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा