तापमान केल्व्हिनमध्येच घाल रे बाबा

प्रिय नित्या,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, वायू, द्रावण आणि रिअ‍ॅक्शन रेट तिन्ही चॅप्टर डोक्यावरून गेलेत म्हणून, आणि खरं सांगू, हसूच आलं, कारण मीपण इथेच आपटलो होतो. फोनवर सांगितलं तर तू नुसतं हो हो करशील, म्हणून लिहितोय.

माझं परीक्षेतलं गणित आठवतंय का, 27 डिग्रीचा वायू तोच दाब ठेवून 54 डिग्रीला नेला तर आकारमान किती? मी पाच सेकंदात दुप्पट लिहून मोकळा, आणि वर पेपर सोपा होता म्हणून सांगत फिरलो. भोपळा मिळाला. सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठतं तो पॉइंट, वायूला त्याच्याशी काय घेणंदेणं? त्याची मोजणी उणे 273.15 पासून सुरू होते, तोच केल्व्हिनचा शून्य, म्हणजे आपण 300 केल्व्हिनवरून 327 वर गेलो, वाढ जेमतेम 9 टक्के. तेव्हापासून गणित हातात घेतलं की मी आधी 273 मिळवतो, मग बाकीचं वाचतो.

बॉइलचा नियम, म्हणजे तापमान तेच ठेवलं तर आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट (1662 चा आहे, बघ किती जुना), पाठ करू नकोस, बिनसुईची सिरिंज घे. 20 मिली हवा भर, तोंडावर बोट दाबून धर आणि दट्ट्या आत ढकल. 10 पर्यंत जातो, म्हणजे आत दाब दुप्पट झाला, आणि पुढे 5 वर न्यायला गेलास की दट्ट्या ऐकतच नाही कारण आता चौपट दाबाशी भांडतोयस. आता हवा काढून टाक, त्याच सिरिंजमध्ये थोडा सोडा ओढ, बोट लाव आणि दट्ट्या मागे खेच. सोडा शांत असला तरी लगेच आतून बारीक बारीक बुडबुडे उठतात. दाब कमी केला की विरघळलेला वायू बाहेर, हाच तो हेन्रीचा नियम, 1803 चा. गरम सोडा जास्त का फसफसतो तेही यातच, तापमान वाढलं की वायूची विद्राव्यता घटते. साखर मात्र उलटी वागते, गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून 'गरम केलं की जास्त विरघळतं' असं सरसकट लिहू नकोस.

द्रावणात बाकी फार काही नाहीये, मोलॅरिटी आणि मोलॅलिटीचा घोळ तेवढा काढून टाक. मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल, मग 1 मोलर मीठ म्हणजे 58.5 ग्रॅम (एक मोल) मिठात लिटरभर पाणी ओतायचं नसतं, आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि मग सगळं मिळून 1 लिटर करायचं. मोलॅलिटीत मात्र द्रावकाचं वजन, 1 किलो पाणी. गरम झाल्यावर लिटर फुगतो, किलो नाही, म्हणून मोलॅरिटी बदलते आणि मोलॅलिटी तशीच राहते.

आता रेट, मला सगळ्यात आवडणारा भाग. 10 डिग्रीने तापमान वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो हे आपण घोकलं, पण का ते कोणी विचारलंच नाही. 300 वरून 310 केल्व्हिन गेल्यावर रेणूंचा सरासरी वेग दीड-पावणेदोन टक्केच वाढतो रे! मग दुप्पट कुठून आलं? तर नुसती टक्कर होऊन भागत नाही, धडक अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (रिअ‍ॅक्शन व्हायला लागणारी किमान ऊर्जा) ओलांडण्याइतकी जोरदार लागते. ती 53-54 किलोजूल प्रति मोल धर, तापमान आणि वेग जोडणाऱ्या अर्‍हेनियसच्या सूत्रात टाक, अशा जोरदार धडकांचं प्रमाण 300 ला येतं साधारण दोनशे कोटींत एक आणि 310 ला शंभर कोटींत एक. म्हणजे सगळी गंमत त्या मूठभर दांडगट रेणूंची, सरासरीवाले नुसतेच फिरतात. मी हे कॅल्क्युलेटरवर पहिल्यांदा काढलं तेव्हा बराच वेळ आकडे बघत बसलो होतो. कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) तरी काय करतो, कमी उंचीचा दुसरा रस्ता देतो, रेणूंना पळायला लावत नाही.

आणि हो, समीकरणातले आकडे बघून ऑर्डर (वेग पदार्थाच्या संहतीच्या कितव्या घातावर अवलंबून आहे तो आकडा) ठोकू नकोस. नायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनात समीकरणात 2 आहे, पण ऑर्डर 1 येते, ती प्रयोगातूनच काढावी लागते. यावर हमखास फसवतात.

आता एक काम कर, फसफसणारी गोळी थंड पाण्यात टाक, दुसरी गरम पाण्यात, तिसरी चुरा करून थंडमध्ये, आणि तिन्हींचे सेकंद मोज. गरमवाल्या ग्लासात तुझे तिन्ही चॅप्टर एकदम दिसतील, रिअ‍ॅक्शन जोरात, वायू पाण्यात टिकायला तयार नाही आणि बुडबुडेही फुगलेले. आकडे मला पाठव, आणि ग्लास काठोकाठ भरू नकोस, माझी अख्खी वही भिजली होती.

तुझा,
सुध्या