ओहोटीची वेळ लिहून देणाऱ्या काकांना

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार फोनवर मानले, पण तेवढ्याने मन भरलं नाही. शिवाय इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर वसंतात चालायला जाणाऱ्या इतर मराठी मंडळींनाही तुमचं सांगणं कळायला हवं, म्हणून हे उघड पत्र.

साउथ वेस्ट कोस्ट पाथ ६३० मैलांची वाट आहे. एर्म नदीच्या मुखाशी ती सरळ पाण्यात उतरते. तिथे पूल नाही, होडीही नाही. मॉथकूमच्या स्लिपवेपासून (होड्या पाण्यात सोडायच्या उतरणीपासून) वॉनवेलच्या स्लिपवेपर्यंत, पूर्वीपासून नदी पायी ओलांडायची जी जागा आहे तिच्या रेषेतून जायचं, आणि तेही पूर्ण ओहोटीच्या आधीच्या किंवा नंतरच्या एका तासातच. वेळ चुकली तर आत जाऊन पुलावरून मैलोन्‌मैल वळसा.

ज्यांनी आम्हाला सहलीचा आराखडा विकला, त्यांनी सगळ्या तारखांना एकच ओळ छापली होती: न्याहारी, मग अकरा वाजता नदी ओलांडणे. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, एवढंही त्यात धरलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, तिथे गेल्यावर चौकशी करा. पैसे मात्र आधी घेतले. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही ओळखदेख नसताना अर्धा कागद पेन्सिलीने लिहून दिलात. त्यावर तारीख, तिथी, ओहोटीची वेळ आणि तिच्याखाली ठळक ओळ: ‘उन्हाळी तास मिळवला आहे, परत मिळवू नये.’

काका, सगळ्यात मोलाची ती ओळ. तिथली छापील कोष्टकं बहुधा ग्रीनिच वेळेत असतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात. तास मिळवायला विसरलं, तर माणूस लवकर पोचतो. काठावर बसून पाणी उतरायची वाट पाहतो, निभावतं. पण फोनवर दिसणारी वेळ बहुतेकदा आधीच बदललेली असते. तिच्यात कुणी पुन्हा तास मिळवला, तर ओहोटी उलटून गेल्यावर, भरतीच्या तोंडावर तो पाण्यात शिरतो. नुसती वेळ कुणीही सांगितली असती. ती वाचणाऱ्याच्या हातून पुढे काय चूक होईल, याचा विचार तुम्ही केलात.

तिथीचं गणितही तुमच्यामुळेच कळलं. मुंबई-अलिबागकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. हा हिशोब एर्मजवळच्या प्लिमथच्या बाजूला लावायचा नाही, हे तुम्ही बजावलंत. तिकडे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भर दुपारी ओहोटी असते, आणि उधाणामुळे पाणी चांगलं खाली जातं. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी भरती. म्हणजे दुपारी नदी ओलांडायची असेल तर रजा तिथी बघूनच टाकावी.

बाकीच्या सूचनाही तितक्याच नेमक्या. ओहोटीच्या थोडं आधी उतरावं, म्हणजे हाताशी वेळ राहतो. बूट गळ्यात, पायात पट्ट्यांच्या सँडल, पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडलेला. पडलंच तर ओझं झटकता येतं. किनाऱ्यावर ऊन असलं तरी डार्टमूरवर पाऊस झाला का ते आधी बघायचं, कारण नदी तिथून येते. पाणी गढूळ आणि वेगाचं दिसलं तर मुकाट वळसा घ्यायचा.

वाटेवरची ब्लूबेल आणि प्रिमरोझ, कड्यांवरचं गुलाबी थ्रिफ्ट, पिवळ्याधमक गॉर्सचा खोबऱ्यासारखा वास, हे सगळं निवांत अनुभवता आलं ते घड्याळाची धास्ती नव्हती म्हणून. ब्लूबेलमध्ये पाय टाकू नका, पानं चिरडली की झाडाला अन्न करता येत नाही, हेही तुमचंच सांगणं. कुणी विचारलेलं नसताना, परक्या माणसासाठी इतकं बारकाईने बघणारी माणसं आहेत, याचा फार आधार वाटतो.

एक परवानगी हवी आहे. त्या कागदाची प्रत पुढे जाणाऱ्यांना देऊ का? तारीख आणि वेळ खोडून, फक्त ती ठळक ओळ आणि तिथीचा हिशोब ठेवून. काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
एक ऋणी वाटसरू