गंगावनाची श्रेणी कशी ओळखावी?

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. खऱ्या केसांची एक्सटेन्शन्स ८ए श्रेणीची घ्यावीत की पैसे वाढवून १०ए घ्यावीत, असे तू विचारले आहेस. हे एका ओळीत सांगण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

या आकड्यांमागे कोणतेही सर्वमान्य मानक नाही. सोन्याच्या कॅरेटला ठरलेले प्रमाण असते, तसे इथे काही नसून ज्याचा माल त्यानेच त्याला श्रेणी लावायची, असा हा कारभार आहे. एकाचे ८ए तेच दुसऱ्याचे १२ए असू शकते. एकाच विक्रेत्याकडचे दोन प्रकार ताडून पाहताना आकड्याचा थोडाफार उपयोग होतो, एवढेच. ‘ब्राझिलियन’, ‘पेरुव्हियन’ ही नावेही बहुधा केसांचा पोत सुचवण्यासाठी लावलेली असतात. त्यांवरून केसांचे मूळ गाव ठरवू नकोस.

पाहायचे ते क्युटिकल, म्हणजे केसावरचे बारीक खवल्यांचे आवरण. हे खवले मुळाकडून शेंड्याकडे झुकलेले असतात. डोक्यावरून कापताना केसांची जुडी बांधून त्यांची दिशा शेवटपर्यंत सांभाळली, तर ते रेमी केस. विंचरताना गळलेले किंवा जमिनीवरून गोळा केलेले केस उलटसुलट मिसळतात, खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. तो टाळण्यासाठी असे केस बहुधा आम्लात बुडवून त्यांचे खवलेच काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. पाकिटातून काढताना हेच केस सर्वांत चमकदार आणि रेशमी लागतात, आणि खरी फसगत होते ती इथेच. काही धुण्यांत तो थर निघून जातो, केस कोरडे पडतात आणि मानेपाशी, जिथे कॉलरची घासण होते, तिथे जटा धरू लागतात.

व्हर्जिन ही निराळी बाब आहे. ज्या केसांवर रंग, ब्लीच, पर्म असे कोणतेही रसायन वापरलेले नाही ते व्हर्जिन. फिकट सोनेरी केसांवर हा शब्द दिसला तर जरा थांब, कारण बाजारात येणारे बहुतेक केस मुळात काळे किंवा गडद तपकिरी असतात आणि ब्लीचशिवाय ते इतके उजळ होत नाहीत. तुला केस रंगवायचेच नसतील, तर व्हर्जिनसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला तरी फारसा अर्थ दिसत नाही.

त्यापेक्षा डबल ड्रॉनसाठी पैसे गेले तर ते समजण्यासारखे आहे. सिंगल ड्रॉनच्या जुडीत आखूड केस बरेच राहतात, त्यामुळे वर दाट दिसणारी जुडी शेंड्याकडे विरळ होत जाते. डबल ड्रॉनमध्ये आखूड केस हाताने वेचून काढतात. ती मेहनत किमतीत धरलेली असते. लांबीबरोबर वजनही विचार, कारण १०० ग्रॅमची जुडी जितकी लांब, तितके तिच्यात केस कमी. कुरळ्या केसांची लांबी बहुधा ताणून मोजलेली असते, हेही ध्यानात ठेव.

पूर्ण खरेदीपूर्वी नमुन्याची एक बट मागव. ती साध्या शाम्पूने दोन-तीनदा धू, कंडिशनर लावू नकोस आणि वाऱ्यावर वाळू दे. मग एकच केस चिमटीत धरून बोटे मुळाकडून शेंड्याकडे ने. केस गुळगुळीत लागेल. उलट दिशेने नेताना किंचित खरखर जाणवली तर खवले शाबूत आहेत. दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत लागला तर खवले काढलेले असावेत किंवा थर अजून उरलेला असावा. कृत्रिम धाग्याची शंका आली तर एक केस चिमट्यात धरून जाळून पाहा: खऱ्या केसाला जळक्या पिसासारखा वास येतो आणि चुरडली जाणारी राख उरते, तर बहुतेक कृत्रिम धागे वितळून त्यांची कडक गोळी होते. विणलेल्या पट्टीतून बोटे फिरवल्यावर बरेच केस हातात आले, तर शिवण कच्ची आहे.

विक्रेत्याला श्रेणी विचारण्याऐवजी केस रेमी आहेत का, ड्रॉन कोणते, वजन किती आणि धुतलेला नमुना पसंत पडला नाही तर जुडी परत घेणार का, हे लेखी विचार. त्याचे उत्तर आले की मला पाठव. पैसे भरण्यापूर्वी आपण ते एकत्र वाचू.

तुझी,
जिवलग मैत्रीण